चांदी खरी, नाणं खोटं

माझ्या खणात एका पाकिटात दोन ट्रेड डॉलर ठेवलेले आहेत. अमेरिकेने 1873 पासून पूर्वेकडच्या व्यापारासाठी पाडलेलं हे जाडजूड चांदीचं नाणं. एका बाजूला मालाच्या गठ्ठ्यांवर बसलेली, हात पुढे केलेली स्त्री. दुसऱ्या बाजूला गरुड. माझ्या दोन्ही नाण्यांवर साल 1877. पहिलं हाती आलं तेव्हा वजन केलं, बरोबर. कॅलिपरने व्यास मोजला, बरोबर. चुंबक लावून पाहिला, चिकटला नाही. पाण्यात बुडवून घनता काढली, तीही चांदीचीच. खुशीत ते पाकिटात गेलं. तीन वर्षांनी दुसऱ्याच कुणाकडून दुसरं आलं, त्याचंही सगळं बरोबर. दोन्ही शेजारी ठेवून भिंगाखाली धरली आणि पोटात गोळा आला. दोन्हींवर त्या स्त्रीच्या हाताखाली एक बारीक आडवा ओरखडा होता. तीच लांबी, तोच कल, आणि शेवटाला तोच किंचित बाक.

ओरखडा हा नाण्याला झालेला अपघात असतो. दोन नाण्यांना नेमका एकाच जागी, एकाच मापाचा अपघात होत नाही. झालं होतं ते असं: कुणीतरी एक अस्सल, पण ओरखडा असलेलं नाणं घेऊन त्याच्यावरून ठसा बनवला. ठशात चित्राबरोबर ओरखडाही उतरला. मग त्या ठशाने चांगल्या चांदीच्या चकत्यांवर जितकी नाणी पाडली, त्या प्रत्येकावर तो ओरखडा जन्मखुणेसारखा आला. माझ्याकडे त्यातली दोन आहेत. बाकीची कुठे कुठे असतील, देव जाणे.

तेव्हा डोक्यात जे पक्कं बसलं तेच या लेखात सांगायचं आहे. चांदी पारखणं आणि नाणं पारखणं ही दोन वेगळी कामं आहेत. बहुतेक लोक पहिलं करतात आणि दुसरं झालं असं समजतात. चुंबक, बर्फ, आवाज, अॅसिड या सगळ्या परीक्षा एकच प्रश्न विचारतात: तू चांदीचा आहेस का? खरा प्रश्न पुढचा आहे: तुला कुणी, कसं घडवलं?

शुद्ध चांदीचं नाणं खोटं पाडून कुणाला काय मिळणार, असं वाटू शकतं. दुर्मीळ नाण्याची किंमत त्यातल्या चांदीच्या कित्येक पटींनी जास्त असते, हे झालं आजचं कारण. पण ही युक्ती जुनीच आहे. अमेरिकेतल्या मॉर्गन डॉलरची गोष्ट घ्या. 1900 च्या आसपास चांदी इतकी स्वस्त झाली होती की डॉलरमधल्या चांदीचा बाजारभाव डॉलरच्या निम्म्याहूनही कमी होता. म्हणजे बाजारातून चांदी घ्या, नीट डॉलर पाडा, डॉलर म्हणूनच चालवा. प्रत्येक नाण्यामागे निम्म्याहून जास्त नफा. हिणकस धातू वापरून पकडलं जायची गरजच नाही. 1896, 1900 आणि 1902 या सालांचे, न्यू ऑर्लिन्स टांकसाळीचं 'ओ' हे अक्षर नेहमीपेक्षा बारीक असलेले काही डॉलर संग्राहक अनेक दशकं 'दुर्मीळ प्रकार' म्हणून जास्त पैसे मोजून घेत होते. 2005 मध्ये पीसीजीएस या प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेने जाहीर केलं की ती त्या काळातलीच खोटी नाणी आहेत. तिन्ही सालांच्या नाण्यांवर ठशाचे तेच ते दोष सापडले होते. टांकसाळीत ठसे झिजतात, बदलतात. 1896 चा दोष 1902 मध्ये जसाच्या तसा भेटायचं कारण नाही.

तरी सुरुवात चांदीपासूनच करावी लागते, कारण निम्म्याहून जास्त खोटी नाणी तिथेच गळतात, असा माझा अनुभव.

काटा, कॅलिपर आणि पेलाभर पाणी

नाणं हातात घेण्याआधी ते मुळात कसं असायला हवं ते माहीत पाहिजे. टांकसाळीच्या नाण्याला वजन, व्यास आणि कस ठरवून दिलेला असतो. ब्रिटिश हिंदुस्थानचा 1835 पासूनचा रुपया 11.66 ग्रॅमचा, 12 भागांत 11 भाग चांदी. मॉर्गन डॉलर 26.73 ग्रॅम, 90 टक्के चांदी, 38.1 मिलिमीटर. ऑस्ट्रियाचा मारिया थेरेसा थेलर 28.07 ग्रॅम, 83.3 टक्के. व्हिक्टोरियाच्या काळातला इंग्लिश क्राउन 28.28 ग्रॅम, 92.5 टक्के. नाण्यांच्या कुठल्याही चांगल्या सूचीत हे आकडे मिळतात.

आता यातली गंमत. वजन, व्यास आणि जाडी हे तीन आकडे धातूच्या घनतेने एकमेकांना बांधलेले असतात. चांदीची घनता 10.49, म्हणजे एका घनसेंटिमीटरला 10.49 ग्रॅम. तांबं 8.96, निकेल 8.9, लोखंड 7.87, जस्त 7.13. नकली नाण्यांत जे धातू सहसा वापरतात ते जवळपास सगळेच चांदीहून हलके. रुपयाच्या अचूक आकाराचं नाणं तांबं-निकेलच्या मिश्रणात केलं तर ते 10 ग्रॅमच्या आसपास भरेल. वजन जुळवायचं तर ते सुमारे 16 टक्के जाड करावं लागेल. खोटं पाडणाऱ्याला तीनपैकी दोन आकडे जुळवता येतात, तिसरा निसटतो. म्हणून नुसतं वजन केलं आणि बरोबर भरलं याला फारसा अर्थ नाही. जाडी मोजायचा कंटाळा करणारे लोक बरोबर तिथेच फसतात, कारण खोटं पाडणाराही वजन आणि व्यासच आधी सांभाळतो.

वजनाबाबत आणखी एक. झिजलेलं नाणं हलकं होतं, त्यात नवल नाही. वर्षानुवर्षं हातोहात फिरलेलं नाणं दोन-चार टक्के सहज गमावतं. पण नाणं झिजून जड होत नाही. ठरलेल्या वजनापेक्षा स्पष्टपणे जास्त भरणारं टांकसाळी नाणं मला हलक्यापेक्षा जास्त संशयास्पद वाटतं.

जाडी मोजणं अवघड असतं, कारण चित्र वर आलेलं असतं, कडा उचललेली असते. त्यावर उपाय पाणी. ही कृती घरी दहा मिनिटांत होते आणि नाण्याला काही इजा होत नाही, म्हणून जरा सावकाश सांगतो. एक शतांश ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्यायचा. नाणं कोरडं तोलून आकडा लिहून ठेवायचा. मग काट्यावर पाण्याचा लहान पेला ठेवून काटा शून्यावर आणायचा. बारीक दोऱ्याने नाणं बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असं लोंबकळत धरायचं. ते तळाला टेकता कामा नये, पेल्याच्या भिंतीला लागता कामा नये. काट्यावर जो आकडा येईल तेवढं पाणी नाण्याने बाजूला सारलं. कोरड्या वजनाला या आकड्याने भागलं की घनता हाती आली.

रुपयाचंच उदाहरण. 11.66 ग्रॅमचा अस्सल रुपया पाण्यात काट्यावर 1.13 दाखवेल, भागाकार 10.3. तांबं-निकेलचं तेवढ्याच वजनाचं नाणं 1.31 दाखवेल, भागाकार 8.9. हा फरक डोळ्यांत भरण्यासारखा आहे. 1940 पासून रुपयातली चांदी 50 टक्क्यांवर आणली, बाकी तांबं आणि थोडं निकेल, जस्त. तो रुपया 1.22 च्या आसपास दाखवेल, घनता साडेनऊ. त्याला खोटा ठरवू नका, त्याचा कसच तेवढा आहे.

दोन खबरदाऱ्या. नाण्याला हवेचे बुडबुडे चिकटतात, विशेषतः अक्षरांच्या खाचांत. एक बुडबुडासुद्धा आकडा बिघडवतो. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा थेंब टाकला की बुडबुडे सुटतात. दुसरी, लहान नाण्यांवर हा हिशोब चालत नाही. पावली, म्हणजे पाव रुपया, 2.92 ग्रॅमची. ती पाणी सारते फक्त 0.28 ग्रॅम. काट्याची शेवटच्या घरातली एकाची चूक घनतेला 10 वरून 10.7 वर नेऊ शकते. अशा आकड्यावरून कुणाला खोटं म्हणणं बरं नव्हे.

आणि एक पळवाट. शिसं चांदीहून जड, 11.34, कथील हलकं, 7.29. साधारण पाच भागांत चार भाग शिसं आणि एक भाग कथील घेतलं की मिश्रणाची घनता बरोबर नाण्याच्या चांदीएवढी येते. वजन, व्यास, जाडी, पाणी, सगळं पास! असं नाणं मात्र मऊ असतं आणि वाजवलं की बद्द आवाज येतो. एका परीक्षेतून सुटलेलं दुसरीत अडकतं, म्हणून परीक्षा एकट्यादुकट्या घ्यायच्या नसतात.

आवाजाचं तेवढंच बोलून टाकू. 'खणखणीत नाणं' हा शब्द उगाच आलेला नाही. बोटाच्या टोकावर नाणं तोलून दुसऱ्या नाण्याच्या कडेने हलकं टिचकावलं तर चांदी लांब, स्वच्छ, रेंगाळणारा नाद देते. फरशीवर आपटू नका. कडेला पोचा पडतो आणि तो जन्मभर राहतो. अस्सल नाण्याला बारीक तडा असेल तरी त्याचा आवाज बद्द येतो. फार प्राचीन चांदी आतून ठिसूळ झालेली असते, तीही गात नाही. तेव्हा चांगला आवाज ही जमेची बाजू, पण वाईट आवाज हा निकाल नव्हे.

चुंबकाची परीक्षा दोन तऱ्हांची. चिकटला तर आत लोखंड किंवा निकेल, विषय संपला. नाही चिकटला तर काहीच सिद्ध झालं नाही, कारण तांबं, पितळ, शिसं, कथील यांनाही चुंबक चिकटत नाही. दुसरी तऱ्हा अधिक कामाची: नाणं उतरतं धरून त्यावरून लहानसा, ताकदवान निओडिमियम चुंबक सोडायचा. चांदीत विजेचे भोवरे तयार होतात आणि चुंबकाला मागे ओढतात. तो मधातून घसरल्यासारखा हळू उतरतो. तांबं-निकेल किंवा शिशावरून तो सरळ घरंगळतो. पण तांबंही विजेचं उत्तम वाहक आहे, त्यामुळे चांदीचा मुलामा दिलेलं तांब्याचं नाणं इथे सुटतं. बर्फाचा तुकडा नाण्यावर ठेवून झरझर वितळतो का बघायची परीक्षा व्हिडिओत छान दिसते. तिचीही अडचण तीच, तांबं उष्णतेत चांदीच्या अगदी पाठोपाठ.

अॅसिडबद्दल माझं मत कडक आहे: जुन्या नाण्यावर नको. डाग पडतो, आणि अॅसिड फक्त वरच्या कातडीशी बोलतं. मुलाम्याखाली काय आहे हे कळायला आधी कानशीने खरवडावं लागतं. नाणं अस्सल निघालं तर ते आपणच खराब केलेलं असतं.

कड

नवखा माणूस नाण्याची चित्राची बाजू बघतो. मुरलेला माणूस नाणं आडवं धरतो.

कारण असं की कड ही सुरुवातीपासून चोरांविरुद्धची भिंत आहे. हाताने ठोकलेल्या नाण्यांच्या कडा वेड्यावाकड्या असत. लोक त्या कातरून चांदी काढून घेत आणि नाणं पूर्ण किमतीला पुढे चालवत. इंग्लंडमध्ये यंत्राने नाणी पाडायला लागल्यावर 1662 पासून क्राउनच्या कडेवर लॅटिन शब्द कोरले गेले: 'डेकुस एत तुतामेन', म्हणजे शोभा आणि संरक्षण. कातरलं तर अक्षरं जाणार. 1696 मध्ये जुनी कातरलेली नाणी गोळा करून नवी पाडायचं मोठं काम निघालं, तेव्हा लंडनच्या टांकसाळीत नेमलेला माणूस म्हणजे आयझॅक न्यूटन. त्याने नाणी खोटी पाडणाऱ्यांचा पाठलाग इतक्या चिकाटीने केला की विल्यम चॅलोनर नावाचा त्यातला बडा उस्ताद मार्च 1699 मध्ये फासावर गेला.

कडेवरची नक्षी कशी उठत असे ते कळलं की खोटं नाणं ओळखायची एक सुरेख युक्ती मिळते. फ्रान्समध्ये झां कास्तॅंने 1685 च्या सुमारास एक यंत्र वापरात आणलं. त्यात पोलादाच्या दोन सरळ पट्ट्या समोरासमोर, मध्ये नाण्याची कोरी चकती उभ्या कडेवर धरलेली. एक पट्टी स्थिर, दुसरी पुढे सरकते, आणि चकती मधून गोल फिरत जाते. अर्धी कड एका पट्टीची, अर्धी दुसरीची. जिथे एका पट्टीची नक्षी संपून दुसरीची सुरू होते तिथे ती थोडी एकमेकींवर चढते किंवा तिच्यात फट राहते. अशा जागा नाण्यावर दोन असतात आणि बरोबर समोरासमोर असतात.

स्पॅनिश साम्राज्याचा आठ रेआल हा एकेकाळी जगभर चालणारा चांदीचा तुकडा. 1772 पासून त्यावर राजाचा चेहरा आला, कडेवर एकाआड एक वर्तुळ आणि चौकोन. हे नाणं हातात आलं की कड भिंगाखाली हळूहळू फिरवा. एका जागी वर्तुळावर चौकोन चढलेला सापडला पाहिजे, आणि अर्धा फेरा पुढे गेल्यावर पुन्हा. कडेची नक्षी सगळीकडे एकसारखी, कुठेही न चुकलेली दिसली तर सावध व्हा. इथे चूक ही अस्सलपणाची खूण आहे! नक्कल करणारे पुष्कळदा नेमकं हेच विसरतात. त्यांना नाणं सुबक करायचं असतं.

दातेरी कडेच्या नाण्यांत दाते ठोकतानाच उठतात. चकतीभोवती दातेरी कडं असतं, वरून दाब बसला की धातू पसरून त्या दात्यांत शिरतो. त्यामुळे दाते सरळ उभे, एकसारखे, वरपासून खालपर्यंत पोचलेले. साच्यात ओतलेल्या नाण्याचे दाते मऊ, बुजलेले असतात. कानशीने घातलेले तिरपे आणि कमीजास्त रुंद. कडेच्या मधोमध फिरणारी बारीक रेघ दिसली तर ती बहुधा साच्याच्या दोन भागांची सांध असते, किंवा दोन पत्र्यांची. दोन पातळ कवचं विजेच्या मुलाम्याने बनवून, आत शिसं भरून जोडायची पद्धत 19व्या शतकात संग्रहालयं अभ्यासासाठी प्रती करायला प्रामाणिकपणे वापरत. पुढे त्यातल्या काही प्रती हिंडत हिंडत बाजारात 'अस्सल' झाल्या.

1940 च्या दशकात हिंदुस्थानच्या रुपयाचा कस अर्ध्यावर आणल्यावर त्याला खास सुरक्षा-कड दिली गेली: दात्यांच्या मधोमध फिरणारी खाच. हिण वाढलं की नकलेचा मोह वाढतो, हे टांकसाळीलाही माहीत होतं. त्या काळातला रुपया साध्या दात्यांचा दिसला तर एकदा सूची उघडून बघा, कुठल्या साली कुठली कड होती ते.

चित्राकडे बघायचं ते असं

ठोकलेलं आणि ओतलेलं यांतला फरक दहापट भिंगात कळतो. ठशाच्या दाबाखाली धातू मधून बाहेर वाहतो आणि मोकळ्या जागेवर अतिशय बारीक, किरणांसारख्या रेषा राहतात. न झिजलेलं नाणं दिव्याखाली फिरवलं तर उजेडाचा पट्टा गाडीच्या चाकासारखा फिरतो, तो या रेषांमुळे. अक्षरांच्या भिंती उभ्या असतात, पायथ्याला कोपरा टोकदार. ओतीव नाण्यात अक्षरं पायथ्याशी गोलसर होऊन पसरतात, जसं लोणी थोडं वितळावं. मोकळी जागा दाणेदार, साबणासारखी बुळबुळीत दिसते. बारीक खड्डे असतात, तिथे ओतताना हवा अडकलेली असते. शिवाय धातू थंड होताना आकसतो, त्यामुळे अस्सल नाण्यावरून साचा घेऊन ओतलेली नक्कल किंचित लहान निघते. कॅलिपरवर कधी कधी तेवढंही पुरतं.

आता ठशाने पाडलेली खोटी नाणी, माझ्या ट्रेड डॉलरसारखी. इथे एक नियम ध्यानात ठेवावा: नाण्याला झालेली जखम खोल असते, ठशाला झालेली जखम नाण्यावर उंचवटा होऊन येते. ठसा उलटा असतो ना. म्हणून अक्षरांच्या मध्ये सुयांसारख्या उठलेल्या रेघा किंवा मोहरीसारखे उठलेले ठिपके दिसले, तर ठसा बनवताना कुणीतरी हत्यार चालवलेलं आहे किंवा ठसा विजेच्या ठिणग्यांनी कोरलेला आहे. टांकसाळीच्या ठशांनाही ओरखडे पडतात, तडे जातात आणि ते नाण्यावर उठतात. पण अक्षरांच्या आतल्या कोपऱ्यात, मुद्दाम धार काढल्यासारख्या रेघा असतील तर संशय पक्का करावा.

आणि सारखेपणा. त्याच प्रकारच्या नाण्यांचे जितके फोटो मिळतील तितके बघा. दोन नाण्यांवर तीच जखम, तोच डाग, काठालगतच्या दाण्यांच्या ओळीत तोच तुटका दाणा आढळला, तर निदान एक खोटं आहे, आणि बहुधा दोन्ही. हल्ली संग्राहक आपापली नाणी मोठ्या फोटोंसकट दाखवतात, त्यामुळे हे काम पूर्वीपेक्षा खूप सोपं झालंय. मला तो ओरखडा तीन वर्षं उशिरा दिसला, कारण मी एकच नाणं बघत होतो.

झीज कशी आहे तेही बघायचं. हातोहात फिरलेल्या नाण्याचं सगळ्यात उंच ते आधी झिजतं: गाल, केसांच्या बटा, गरुडाची छाती. अक्षरांच्या खोबणी मात्र मळाने भरून सुरक्षित राहतात. खोटं नाणं जुनं दिसावं म्हणून पिंपात खड्यांबरोबर घुसळलेलं असेल तर झीज सगळीकडे सारखी येते, खोलातही आणि उंचावरही. मळाचंही तसंच. चांदी हवेतल्या गंधकाच्या वायूंनी हळूहळू काळी पडते. हा थर वर्षानुवर्षं बसतो, कडेकडून आत येतो, खोबणीत गडद आणि उंचावर फिकट असतो. गंधकाच्या रसायनाने एका दुपारीत आणलेला काळेपणा रंग फासल्यासारखा एकसंध असतो. तरी हौशी लोक अस्सल काळेपणा घासून पांढरा करतात तेव्हा माझा जीव कळवळतो. किंमत जाते ते वेगळंच. घासताना पुरावाच पुसला जातो.

जुनेपणा आणायच्या कलेत सगळ्यात पोचलेला माणूस कार्ल विल्हेल्म बेकर, जर्मन, मृत्यू 1830. तो स्वतः ठसे कोरायचा, आणि पुष्कळदा धातू म्हणून खरीच, पण स्वस्त प्राचीन नाणी घ्यायचा. जुन्या नाण्यावरच नवा ठसा! धातूची परीक्षा काय करणार? मग म्हणतात, ती नाणी लोखंडाचा कीस आणि वंगण भरलेल्या डब्यात घालून डबा घोडागाडीच्या आसाला बांधायचा आणि गावोगाव फिरायचा. आपल्या 'म्हाताऱ्यांना' हवा खायला नेतोय, असं म्हणायचा म्हणे.

खोटं वाटतं पण खरं असतं

याची उलट बाजूही आहे, आणि तिथे अर्धवट शिकलेला माणूस जास्त चुका करतो.

मारिया थेरेसा थेलरवर साल 1780, राणीच्या मृत्यूचं. पण आफ्रिका आणि अरबस्तानातल्या व्यापाऱ्यांना तेच नाणं, तेच साल हवं होतं, म्हणून ते त्याच सालाने पुढे दोनशे वर्षं पाडलं गेलं. व्हिएन्नाखेरीज लंडन, पॅरिस, रोम, मुंबई अशा टांकसाळींतही. मग 1940 मध्ये मुंबईला पाडलेला 1780 चा थेलर खोटा का? नाही, सरकारी टांकसाळीचा आहे. पण त्याला अठराव्या शतकातला म्हणून विकलं तर विकणारा खोटा. ईस्ट इंडिया कंपनीनेही बंगालच्या रुपयांवर मोगल बादशहा शाह आलमचं राज्यवर्ष 19 असंच गोठवून ठेवलं होतं. हिजरी साल आणि राज्यवर्ष जुळत नाही म्हणून तो रुपया टाकून देऊ नये.

नाण्यावर अनोळखी छाप असतील तरी घाबरू नका. चीनमधले व्यापारी डॉलर आणि रेआल तपासून त्यावर आपापली चिन्हं ठोकत. मोगल रुपयांवर सराफांच्या खुणा दिसतात. अथेन्सच्या घुबडाच्या नाण्यांवर छिन्नीचे घाव असतात, आत तांबं आहे का ते बघायला घातलेले. अथेन्समध्ये तर इसवी सनपूर्व 375 च्या कायद्याने बाजारात नाणेपारखी बसवला होता. आत तांबं किंवा शिसं निघालेलं नाणं तिथल्या तिथे कापून टाकायची त्याला आज्ञा होती. त्या घावांमुळे नाण्याचं रूप बिघडलं, पण अडीच हजार वर्षांपूर्वीच्या कुणीतरी ते आपल्यासाठी तपासून ठेवलं. चिनी छापांबाबत मात्र सावध, खोट्या ट्रेड डॉलरवरही ते ठोकून देतात. भरवसा वाढवायला.

रोमन चांदीच्या बाबतीत तर सरकारनेच हिण वाढवत नेलं. इसवी सन 260 च्या दशकातल्या नाण्यांत चांदी जेमतेम काही टक्के, वर पांढरा हात फिरवलेला. अशा नाण्याची घनता काढून 'खोटं' म्हणणं म्हणजे सम्राटाच्या फसवणुकीचा आळ नाण्यावर घेणं. इंग्लंडच्या चांदीच्या नाण्यांचा कस 1920 पासून 50 टक्के, आणि 1947 पासून त्यात चांदीच नाही.

एवढं करूनही जीव मानत नसेल आणि नाणं महागाचं असेल, तर क्ष-किरणांनी धातू तपासणारं यंत्र असतं. एक मिनिटात टक्केवारी देतं, नाण्याला धक्का लागत नाही. पण तेही फक्त वरचा केसाहून पातळ थर बघतं. जाड मुलामा त्याला फसवू शकतो. आणि अस्सल जुन्या नाण्याच्या वरच्या थरातलं तांबं निघून गेलेलं असतं, त्यामुळे यंत्र नाण्याला आहे त्याहून शुद्ध दाखवतं. म्हणून यंत्राच्या आकड्याशेजारी पाण्याच्या पेल्याचा आकडा लिहून ठेवावा. दोन्ही जुळले तर बहुधा आत-बाहेर एकच धातू.

शेवटचा उपाय, पीसीजीएस किंवा एनजीसीसारख्या संस्थेने प्लॅस्टिकच्या डबीत बंद करून दिलेलं नाणं घेणं. त्या डब्यांवर क्रमांक असतो, संस्थेच्या संकेतस्थळावर टाकला की नाण्याची नोंद निघते, पुष्कळदा फोटोही. हा फोटो नुसता उघडून बंद करू नका. डब्याही खोट्या बनतात, आणि त्यावर छापलेला क्रमांक खऱ्या नाण्याचा असतो. फोटोतल्या नाण्याच्या गालावर डाग आहे आणि तुमच्या हातातल्या नाण्यावर तो नाही, तर क्रमांक कितीही बरोबर निघो, डबी परत करा.